टोपलीखालचं पाणी

पेण्णम्मा रोज सकाळी बदकं मोजायची. एक बदक मोजलं की शेजारच्या कुडाकडे एक नजर टाकायची, मग दुसरं मोजायची. त्यामुळे हल्ली मोजायला वेळ जास्त लागायचा आणि आकडा मात्र लहान होत चालला होता. नाताळात अकरा होती. आज सात भरली.

तीन तर कालव्यातच गेली. सकाळी चांगली पोहत गेलेली बदकं दुपारी मान लोळवून, चोच पाण्यात टाकून तरंगत घाटाच्या पायरीला लागली. अंगावर ओरखडा नाही, पीस उपटलेलं नाही. कुत्र्यानं धरलं असतं तर खुणा दिसल्या असत्या. खुणा नाहीत म्हणजे माणसाचं काम, असं पेण्णम्मानं ठरवलं, आणि माणूस कोण हे ठरवायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

कुडापलीकडे पुष्पांगदन राहायचा. त्याचं भात पिवळं पडायला आलं होतं. महिन्यापूर्वी बदकं बांध ओलांडून त्यात शिरली, तेव्हा तो कोयता हातात घेऊन बांधावर उभा राहिला आणि म्हणाला होता, "आज हाकलतोय, पेण्णम्मा चेची. पुढच्या वेळी हाकलायला येणार नाही." चेची म्हणजे ताई; पण पुढच्या वेळी काय करायला येणार, ते या ताईला त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांनी पहिलं बदक गेलं.

शिवाय त्याचा डोळा तिच्या जागेवर होता. बांधाचं टोक तिचं, आणि टोकाला कालवा खोल. भाताच्या मोठ्या होड्या लागायला याहून चांगली जागा आसपास नव्हती. पुष्पांगदननं दोनदा विचारलं होतं, "तू लेकीकडे गेलीस की हे कुणाला देणार?" गेलीस तर, असं तो म्हणाला नव्हता. गेलीस की, असं म्हणाला होता. पेण्णम्मा अशा शब्दांवर रात्र रात्र कूस बदलणारी बाई.

लेक लिस्सी एर्नाकुळमला आठव्या मजल्यावर राहायची. वडील वारल्यापासून तिचं एकच टुमणं होतं, की आई, इकडे ये. दोन वर्षं भांडून दोघींत एक तोड निघाली होती. लिस्सी म्हणाली होती, "तुझा जीव त्या बदकांत अडकलाय ना? मग जोवर बदकं आहेत तोवर राहा तिथं. बदकं संपली की मी गाडी घेऊन येते. मग मात्र एक शब्द ऐकणार नाही." पेण्णम्मानं हो म्हटलं. बदकं संपतील असं तिला वाटलंच नव्हतं. एका कोंबडीखाली बारा अंडी ठेवली की बदकं होतात, त्यात काय संपायचंय.

आता फोनवर लिस्सी पहिला प्रश्न विचारायची, "किती राहिली?" आणि तो प्रश्न ऐकला की पेण्णम्माच्या मनात यायचं, हिला इतकी घाई कशाची? कुणाला काही सांगून तर ठेवलं नसेल? मग स्वतःच्या लेकीवर असा संशय घेतला म्हणून ती छातीवर क्रूस करायची. पण संशय काढून टाकायची नाही. बाजूला ठेवायची.

तिसरं बदक गेलं त्याच दिवशी तिनं उरलेल्या आठांना कालवा बंद केला. परसात नारळाच्या झावळ्या उभ्या करून वाडा केला, दाराला काथ्याची दोरी बांधली, दोरीला आपली अशी निरगाठ मारली. आत भाताचा कोंडा, गोगलगायी, शिजवलेला कप्पा कंद, सगळं स्वतःच्या हातानं. आणि पाणी बोटीचं.

बोटीचं पाणी बदकांना, हे त्या बांधावर कुणी ऐकलेलं नव्हतं. उन्हाळ्यात कालव्यात समुद्राचं खारं चढतं, जलपर्णी कुजते. चहूकडे पाणी असतं आणि पिण्याजोगी ओंजळ मिळत नाही. दिवसाआड दिवाकरन टाकीची बोट घेऊन यायचा. घरटी सहा घागरी, सातवी मागायची नाही. त्या पाण्याचे नियम तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्यात हात बुडवायचा नाही. तोंड लावायचं नाही. भांडं उघडं ठेवायचं नाही. वरून धार धरून प्यायचं आणि फडकं पुन्हा बांधायचं.

पेण्णम्मानं तेच नियम बदकांना लावले. पण बदकाला पाणी दिसलं की ते आधी त्यात डोकं घालतं, मग पाय घालतं, मग बसतं. पहिल्या दिवशी परातभर पाण्याचा घटकाभरात चिखल झाला. तेव्हा तिनं युक्ती काढली. पसरट थाळी घेतली, बोटभर पाणी घातलं, वर विरळ विणीची बांबूची टोपली पालथी घातली आणि टोपलीवर वीट ठेवली. फटीतून चोचीचं टोक तेवढं आत जायचं. पाणी दिवसभर आरशासारखं. ती मनाशी म्हणाली, आता कोण काय मिसळतो ते बघते.

पाचव्या दिवशी बदकं शिंकायला लागली. नाकपुड्यांतून फेस. सातव्या दिवशी डोळ्यांच्या कडांना पिवळी खपली धरली. एका पांढरीचे दोन्ही डोळे मिटले ते मिटलेच. ती टोपलीला धडकायची, भिंतीला धडकायची, आणि दहाव्या दिवशी कोपऱ्यात मरून पडली. पेण्णम्माच्या हातात टोपली होती. तिनं थाळीतलं पाणी हुंगलं, जिभेला लावून बघितलं. स्वच्छ होतं. म्हणजे पाण्यातून नाही. म्हणजे हवेतून काहीतरी फेकतात. तिनं कुडाला आणखी एक झावळ्यांची रांग लावली.

बोटीच्या दिवशी घाटावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पुष्पांगदनची बायको वसुमतीही होती. पेण्णम्मानं तिच्याशी बोलणं सोडलं होतं. नळीचं तोंड घागरीत धरत दिवाकरन म्हणाला, "चेची, ऐकतोय ते खरं का? बदकं बोटीचं पाणी पितात म्हणे. उद्या चहा मागतील."

"माझ्या वाटणीचं आहे. मी कमी पिते."

"पी की कमी. मला काय. पण साहेबानं विचारलं तर मी काय लिहू, माणसं एक, बदकं आठ?"

"सात," पेण्णम्मा म्हणाली, आणि वसुमतीच्या तोंडाकडे पाहिलं. वसुमतीचं तोंड जरा उतरल्यासारखं वाटलं. पेण्णम्माला ते नाटक वाटलं.

"डोळे चिकटलेत का गं त्यांचे?" वसुमतीनं हळूच विचारलं.

पेण्णम्मानं घागर कमरेवर घेतली. कुडाच्या आत बघितल्याशिवाय हिला डोळ्यांचं कसं कळलं? ती घरी येऊन कुडाला फट कुठं आहे ते शोधत बसली. फट नव्हती. मग ती आणखी घाबरली.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. ती रोज सकाळी होडीनं पलीकडच्या देवळात जायची. दुसऱ्या दिवशी देवळातून परत आली तर वाड्यात, टोपलीशेजारी, एक मडकं. रुंद तोंडाचं, गुडघ्याला लागेल एवढं, निम्मं जमिनीत रुतवलेलं. आत गढूळ पाणी. भोवती चिखल. आणि दाराची निरगाठ सोडून पुन्हा मारलेली, पण उलटी.

गढूळ पाणी म्हणजे काय असू शकतं हे पेण्णम्माला कुणी सांगायला नको होतं. तिनं नाकाला पदर लावला, मडकं उपसून काढलं, पाणी खड्डा खणून पुरलं आणि मडकं पायरीवर आपटून फोडलं. खापऱ्या मुद्दाम कुडापलीकडे टाकल्या. दिवसभर एकेका बदकाच्या मानेला हात लावून बघत बसली. एकही मेलं नाही. उलट सगळ्यांत म्हातारी, जिला ती थोरली म्हणायची, तिचा एक डोळा उघडला होता. पेण्णम्मानं देवळातल्या संत जॉर्जला मेणबत्ती बोलली होती, ती पावली असं तिनं मानलं आणि आणखी एक बोलली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मडकं. हे जुनं होतं, काठाला काथ्या गुंडाळलेला. आत पाणी, पाण्यावर पिसं. पहिल्या मडक्यानं एकही मेलं नव्हतं, म्हणून या वेळी तिनं ते फोडलं नाही; ठेवणारा पुन्हा येईल तेव्हा बघू.

त्या रात्री लिस्सीचा फोन आला. "किती राहिली?"

"आहेत बारा," पेण्णम्मा म्हणाली.

"अकराची बारा कधी झाली गं?"

"मोजायला येतेस का?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळी तिनं पांढरा मुंडू नेसला, छत्री उघडली, आणि कुडापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात थोरलीला सांगितलं, "देवळात जाते गं. उशीर होईल, आज पाद्री परगावाहून आलेत, लांबण लावतील." होडीत बसली, वल्हं मारत वळणापर्यंत गेली. वळणाआड होडी नारळाला बांधली, छत्री मिटली आणि बांधामागच्या चिखलातून, मुंडू गुडघ्याच्या वर धरून, परत आली. पासष्ट वर्षांची बाई स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली आणि लाकडांच्या माचाआड उकिडवी बसली. हातात झावळीचा जाड दांडा.

फार वेळ बसावं लागलं नाही. कुडाच्या टोकाशी, कालव्याच्या अंगानं, एक होडकं लागलं. वसुमती उतरली. काखेत कळशी. कळशीच्या तोंडाला फडकं. ती इकडे तिकडे न बघता सरळ वाड्याशी आली, निरगाठ सोडली, आत गेली, कालचं गढूळ पाणी नारळाच्या मुळाशी ओतलं, मडकं हातानं चोळून धुतलं आणि कळशी वाकवली.

"थांब," पेण्णम्मा म्हणाली.

वसुमती दचकली, पण कळशी सोडली नाही. "चेची, तू देवळात गेली होतीस ना?"

"काय ओततेस?"

"पाणी."

"कसलं?"

"बोटीचं. दिवाकरनकडे दोन बोटी आहेत का?"

"पी मग."

वसुमतीनं मडक्याकडे पाहिलं. तेवढ्यात थोरलीनं त्यात मानेपर्यंत डोकं घातलं होतं. "यातलं?"

"कळशीतलं. माझ्यासमोर."

वसुमतीनं कळशी उचलली, तोंडावर धार धरली आणि प्यायली. गळ्याचं हाड वरखाली होताना पेण्णम्मानं घोट मोजले. सहा. मग वसुमतीनं पदरानं हनुवटी पुसली. "अजून पिऊ? घरी भाताला पाणी नाही राहिलं, इथंच पोट भरून जाते."

"काहींना पचतं म्हणे विष."

"मला फणस पचत नाही, चेची."

"बस इथं थोडा वेळ."

"कशाला?"

"बस म्हणते ना."

वसुमतीला कळलं. ती हसली नाही. वाड्याच्या दाराशी विटेवर बसली, आणि समोर पेण्णम्मा बसली, दांडा मांडीवर आडवा. भात शिजायला लागतो तेवढा वेळ तिला बसवून ठेवायचं, आणि ती पडली नाही तर बघू, असा पेण्णम्माचा हिशोब होता.

एकेक करून सातही बदकं मडक्याशी आली. थोरली डोकं खोल घालायची, वर काढायची, पाण्याची माळ पाठीवरून ओघळायची, पुन्हा घालायची. नाकातून बुडबुडे काढत जोरानं फुंकायची. दुसरीनं डोळा पाण्यात धरला आणि खांद्याच्या पिसांवर घासला. पिवळी खपली ओली होऊन निघाली. तिच्याखाली डोळा होता. काळा, लखलखीत, जसाच्या तसा.

पेण्णम्मा बघत राहिली.

"नाक कुठं असतं त्यांचं?" वसुमतीनं विचारलं.

"चोचीवर."

"चोचीवर कुठं? टोकाला का कपाळाशी?"

पेण्णम्मा थोरलीच्या चोचीकडे वाकून बघू लागली.

"कपाळाशी," वसुमती म्हणाली. "तुझ्या टोपलीतून टोक बुडतं. तहान भागते. नाक बुडत नाही, मग ते कोंड्यानं भरतं. आणि डोळे कशानं धुवायचे? त्यांना हात आहेत का?"

"चाळीस वर्षं बदकं पाळतेय मी."

"पाळलीस कुठं. कालव्यानं पाळली. तू अंडी उचललीस."

हे पेण्णम्माला झोंबलं, पण खोडता येईना. चाळीस वर्षांत तिनं एकाही बदकाला पाणी दिलं नव्हतं. पाण्याकाठच्या घरात बदकाला पाणी द्यायचं ते काय म्हणून?

"तुला कुणी शिकवलं?"

"माझा बाप बदकं चारत हिंडायचा, ठाऊक आहे ना तुला. पाचशे पाचशे बदकं घेऊन गावोगाव, कापलेल्या शेतांतून. कोरड्या शेतात मुक्काम पडला की आई आधी मडकी पुरायची, मग चूल मांडायची. पाणी बोटभर नको, वीतभर खोल पाहिजे. घाण करतात तर करू देत, रोज बदलायचं. स्वच्छ म्हणजे न शिवलेलं नाही, चेची. बदललेलं."

"आणि डोळे चिकटलेत हे तुला कुडापलीकडून कसं कळलं?"

"शिंका ऐकू येतात, दुपारी झोप लागत नाही त्यानं. नाक भरलं की डोळे चिकटणारच."

पेण्णम्मानं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथली माती अजून सैल होती. "मग ती पांढरी..." ती म्हणाली. वसुमती जमिनीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे करत बसली.

मग पेण्णम्मा म्हणाली, "कालव्यातली तीन?"

"बांधातल्या मोरीच्या खालच्या डबक्यात मासे मरून पडलेत. पाणी आटलं की होतं तसं. त्यांच्यातले किडे खाल्ले की बदकाची मान पडते. माझ्या बापाची एका दुपारी चाळीस पडली होती. तो मटकन खाली बसला होता शेतात."

"की तुझ्या नवऱ्याचं औषध?"

"भातावर मारलं त्यानं, नाही कशाला म्हणू? पण तुझ्या बदकांसाठी वेगळं मारायचं तर त्याला खाटेवरून उठावं लागेल. त्याचं कोयता दाखवण्यापर्यंतच असतं सगळं."

पेण्णम्माला हे खरं वाटलं, आणि खरं वाटल्याबरोबर तिच्या मनात नवा काटा उभा राहिला. तिनं दांडा मांडीवरून काढला नाही. ही बाई स्वतःच्या सहा घागरींतली कळशी रोज इथं आणून ओतते. भाताला पाणी नाही म्हणते. मी हिच्याशी बोलत नाही, हिचं मडकं फोडते, खापऱ्या हिच्या अंगणात टाकते, तरी ही येते. कशासाठी? फुकट कुणी कुणाच्या बदकांचे डोळे धूत नाही.

"तुला काय मिळतं यातून?" तिनं सरळ विचारलं.

"काही नाही. मुकी जनावरं आहेत, म्हणून."

"खरं सांग."

वसुमतीनं कुडाकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "बदकं संपली की तू लेकीकडे जाणार. लिस्सी मागच्या ईस्टरला घाटावर सगळ्यांना सांगत होती. तू गेलीस की हा इथं भाताच्या होड्यांची जागा करणार. म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दिवसभर हमाल, बिड्या, शिव्या, आणि ह्याच्यासोबत बसणारे ते चारजण, ज्यांना दर तासाला चहा लागतो. तो चहा कोण करणार? बोटीच्या सहा घागरींत? तू भांडतेस, पण कुणाला चहा मागत नाहीस. मला तू इथंच हवी आहेस."

पेण्णम्मानं दांडा खाली ठेवला.

गेल्या महिन्याभरात तिच्याशी जो तो गोड बोलला होता. लेक माया म्हणून बोलावत होती, पुष्पांगदन काळजी म्हणून विचारत होता, पाद्री प्रार्थना करतो म्हणत होते. त्यांतलं एकही तिला गळ्याखाली उतरलं नव्हतं. वसुमतीचं हे बोलणं मात्र उतरलं, कारण त्यात वसुमतीचा फायदा होता आणि तो तिनं तोंडानं सांगितला होता.

"चहा घेशील?" पेण्णम्मानं विचारलं.

"आधी ठरव, मी जगले का."

"जगलीस असं दिसतंय."

तिनं काळा चहा टाकला. दोघींनी पायरीवर बसून घेतला. मग पेण्णम्मानं टोपली उचलली, वीट काढून उंबऱ्याशी ठेवली आणि टोपलीत चुलीपुढची लाकडं भरली. थाळी घासून फळीवर ठेवून दिली. फुटलेल्या मडक्याबद्दल ती काही बोलली नाही, पण जाताना वसुमतीच्या होडक्यात तिनं आपल्या घरातलं एक मडकं ठेवलं, लोणच्याचं, चांगलं जाड.

त्या दिवसापासून पाणी आळीपाळीनं. एक दिवस पेण्णम्माची कळशी, एक दिवस वसुमतीची. गढूळ पाणी नारळाच्या मुळाशी. घाटावर दिवाकरननं विचारलं, "आता दोन घरांची बदकं झाली का?" तर वसुमती म्हणाली, "तू नळी सरळ धर." पुष्पांगदननं काही दिवस कुरकुर केली, मग भात कापणीला आलं आणि त्याला कुरकुरायला वेळ उरला नाही. कापणी झाल्यावर शेतं मोकळी झाली, मोरीखालचं डबकं बुजवलं, तेव्हा सात बदकं पुन्हा बांधाखाली उतरली. थोरली सगळ्यांत पुढं, दोन्ही डोळे उघडे. कोंबडीखाली नऊ अंडी होती.

लिस्सीनं फोनवर विचारलं, "किती राहिली?"

"सात. आणि नऊ येतायत. गाडीला पेट्रोल घालू नकोस."

पेण्णम्माची खोड मात्र गेली नाही. वसुमतीची पाळी असली की ती वाड्याच्या दाराशी उभी राहायची आणि कळशीच्या फडक्याकडे बघत राहायची. वसुमती फडकं सोडायची, कळशी उचलायची, पेण्णम्माच्या डोळ्याला डोळा लावून एक घोट स्वतः प्यायची, आणि मग उरलेलं मडक्यात ओतायची.